दुसऱ्या गिअरची खरखर: घाटाला दोष देण्याआधी क्लच बघा

नाशिकच्या गंगापूर रोडला राहणाऱ्या एका तरुणाचा प्रश्न आला आहे. त्याने सहा वर्षं वापरलेली १ लिटरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक घेतली. गाडी पाच गिअरची आहे, ५८ हजार किलोमीटर झाली आहे. रविवारी पहाटे तो ती घेऊन कसाऱ्याला किंवा त्र्यंबकवरून जव्हारच्या रस्त्याला जातो. गेल्या काही आठवड्यांपासून तिसऱ्यावरून दुसरा टाकताना खर्रर्र आवाज येतो. सकाळी जास्त, गाडी तापली की कमी. त्याला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: घाटात जोरात चालवल्यामुळे गिअरबॉक्स गेला का, मित्र म्हणतो तसं जाड ऑइल टाकू का, आणि इंजिनाचं रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलणं) आता करावं की नको?

मी अंबडला गिअरबॉक्स आणि क्लचचंच काम करतो. गाडी न बघता छातीठोक सांगता येत नाही, पण तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर पडण्याआधी आतले वेग जुळवणारी कडी, काही प्रमाणात झिजलेली दिसते. ती का झिजली हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या बाहेर सापडतं. जोरात चालवलेल्या पण नीट चालवलेल्या गाड्यांचे गिअरबॉक्स एक लाख किलोमीटरनंतर उघडले तरी आत चकचकीत निघतात. ज्या गाडीचा क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नाही, आणि मालक लिव्हर ढकलत राहतो, तिची रिंग मात्र नुसत्या शहरात फिरूनही संपते.

म्हणून पहिलं काम क्लच तपासण्याचं. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन गरम होऊ द्या. क्लच तळापर्यंत दाबा, चार-पाच सेकंद तसाच धरून ठेवा आणि मग रिव्हर्स टाका. बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसतो. क्लच नीट सुटला असेल तर तेवढ्या वेळात आतला शाफ्ट थांबलेला असतो आणि रिव्हर्स आवाज न करता पडतो. तरीही कर्रर्र झालं तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चकतीला) घासत फिरते आहे असं समजा. अशा वेळी प्रत्येक गिअर बदलताना सिंक्रो रिंगला एकटा शाफ्ट नव्हे, अर्धवट चिकटलेलं इंजिनही ओढावं लागतं. त्या कामासाठी ती बनवलेलीच नसते.

रिव्हर्सने तक्रार केली तर लगेच गिअरबॉक्स उतरवायला देऊ नका. आधी पायाखालची मॅट बघा. गाडी घेतली की जाड सेव्हन-डी मॅट टाकून घ्यायची पद्धत झाली आहे. ती मॅट क्लचच्या पेडलाखाली एक-दीड सेंटिमीटर चढते, आणि नेमका तोच शेवटचा सेंटिमीटर क्लच पूर्ण सुटण्यासाठी लागत असतो. आमच्याकडे ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणून येणाऱ्या गाड्यांची पहिली तपासणी मॅट काढूनच होते. सीटही बघा. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघ्यात थोडा वाक राहिला पाहिजे. पाय ताणून अंगठ्याच्या टोकाने पेडल दाबत असाल तर घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर ते पूर्ण दाबलं जाणार नाही.

मॅट ठीक असेल तर हायड्रॉलिक बघायचं. क्लचचं फ्लुइड बऱ्याच गाड्यांत ब्रेकच्याच डब्यातून येतं. ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं. ब्रेकचं फ्लुइड बदलताना मेकॅनिक क्लचची लाइन ब्लीड करायला, म्हणजे तिच्यातली हवा काढायला, हमखास विसरतात. पेडल पहिल्यांदा दाबल्यावर मऊ लागतं आणि दोन-तीनदा पंप केल्यावर घट्ट होतं, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडरचं सील गेलं आहे. हे काम गिअरबॉक्स उघडण्यापेक्षा खूप स्वस्तात होतं.

आता आत काय घडतं ते सांगतो, कारण ते कळलं की हाताची सवय आपोआप बदलते. गिअरबॉक्समधले पुढे जायचे सगळे गिअर एकमेकांत कायम अडकलेलेच असतात. लिव्हर हलवली की एक स्लीव्ह सरकते आणि हवा तो गिअर शाफ्टला कुलूपबंद करते. कुलूप लागण्याआधी दोघांचा वेग सारखा व्हावा लागतो, आणि ते काम सिंक्रो रिंग करते. ही पितळी किंवा अस्तर लावलेली छोटी कडी गिअरच्या उतरत्या कोनावर दाबली जाते आणि घर्षणाने वेग जुळवते. वेग जुळेपर्यंत ती स्लीव्हची वाट अडवून धरते. लिव्हर क्षणभर अडल्यासारखी वाटते ती याचमुळे. त्या क्षणी जोर लावून ढकललं की रिंग कोनावर जास्त दाबली जाते, तिच्या आतल्या बारीक आट्यांची टोकं घासून सपाट होतात, आणि मग तिला मधलं ऑइल बाजूला सारून कोन पकडता येत नाही. पकड गेली की वेग जुळण्याआधीच स्लीव्ह पुढे सरकते आणि दात दातांवर आपटतात. तुम्हाला ऐकू येते ती हीच खरखर.

थोडे आकडे मांडू. पाच गिअरच्या छोट्या गाडीत पहिल्याचं गुणोत्तर साधारण ३.५, दुसऱ्याचं १.९ आणि तिसऱ्याचं १.३ च्या आसपास असतं. तिसऱ्यात ३,००० आरपीएमवर चालला आहात आणि दुसरा टाकला, तर आतला शाफ्ट आणि क्लच प्लेट सुमारे ४,४०० ला न्यावी लागते. फरक १,४०० चा. त्याच वेगात पहिला टाकायला गेलात तर ८,००० च्या वर न्यावी लागेल, म्हणजे फरक ५,००० चा. फरक साडेतीनपट झाला, पण रिंगवर तयार होणारी उष्णता फरकाच्या वर्गाने वाढते, म्हणजे बारापटीहून जास्त. स्पीडब्रेकरला गाडी चांगली २०-२५ च्या वेगात असताना पहिला कोंबणारे लोक कॉलेज रोडवर रोज दिसतात. तिथे दुसरा पुरतो. पहिला गाडी जवळजवळ थांबल्यावरच टाकायचा.

दुसऱ्याच्या जागी चुकून पहिला पडणं हा तर सर्वांत महागडा अपघात. क्लच दाबलेला असला म्हणून वाचलो असं समजू नका. इंजिनाला धक्का लागला नाही तरी क्लच प्लेटला चाकं फिरवतात, आणि ८,००० च्या वर प्लेटचं अस्तर फुटून बेल हाउसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या कवचात) त्याचा चुरा झालेला बघायला मिळतो. क्लच तसाच सोडला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनची गाठ पडते. घाटात लिव्हर मुठीत आवळून खेचू नका. तळहाताने दिशा द्या: तिसऱ्यावरून दुसऱ्यात येताना आधी सरळ मागे न्यूट्रलमध्ये, तिथे क्षणभर विसावा, मग हलका दाब डावीकडे आणि मागे.

घाटात चालवणारी मंडळी गिअर कमी करताना मध्ये रेस देतात. चांगली सवय आहे, पण तिचा फायदा कुणाला होतो याबद्दल मोठा गैरसमज आहे. क्लच दाबलेला असताना एक्सलेटरचा हलका झटका दिला तर इंजिनाचा वेग वाढतो. गिअरबॉक्सचा शाफ्ट त्या वेळी इंजिनाला जोडलेलाच नसतो, त्यामुळे त्याचा वेग सिंक्रो रिंगलाच जुळवावा लागतो. अशा रेसने क्लच प्लेट, इंजिनाचे माउंट (आधाराचे रबर) आणि चाकांना जोर पोचवणारे ड्राइव्हशाफ्ट वाचतात, वळणावर गाडी डगमगत नाही. रिंग वाचत नाही. रिंग वाचवायची तर जुन्या ट्रक ड्रायव्हरांची पद्धत: क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस द्या, पुन्हा क्लच दाबा आणि दुसरा टाका. शाफ्ट आधीच वेगात आलेला असतो आणि गिअर लोण्यासारखा जातो.

तुमच्यासाठी ही पद्धत तपासणीचंही काम करते. रिव्हर्सच्या चाचणीत क्लच पास झाला आहे, आणि दोनदा क्लच मारून दुसरा टाकल्यावर खरखर पूर्ण जाते, तर दोष रिंगचाच. तरीही आवाज येत असेल किंवा गिअर पडल्यावर एक्सलेटर सोडताच उसळून न्यूट्रलमध्ये येत असेल, तर दातांची टोकं, फोर्क (स्लीव्ह सरकवणारा काटा) किंवा इंजिन माउंट बघावं लागेल. सराव कसारा घाटात ट्रकांच्या मागे करू नका. त्र्यंबक रोडला अंजनेरीच्या पुढे सकाळी मोकळा रस्ता मिळतो, तिथे साध्या वेगात हात बसवा.

नाशिकच्या आजूबाजूला रॅली ऑफ महाराष्ट्र होत आली आहे आणि तिच्यामुळे इथल्या कितीतरी मुलांना गाडीचं वेड लागलं. त्याचा मला आनंदच आहे. पण रॅलीच्या वरच्या वर्गातल्या गाड्यांचे गिअर ज्या झटक्याने पडतात, तो झटका त्या गिअरबॉक्सच्या रचनेतून येतो. तिथे बहुधा सिंक्रो नसतो. मोजके, मोठे, रुंद फटींचे दात असतात आणि ते वेगानेच मारावे लागतात, शिवाय तो बॉक्स ठरावीक अंतरानंतर उघडून तपासला जातो. तुमच्या बॉक्सला ती घाई चालत नाही. तिसऱ्यावरून दुसऱ्याला पाव सेकंदाऐवजी अर्धा सेकंद द्या. रिंगला काम तेवढंच करावं लागतं, पण तापायला दुप्पट वेळ मिळतो आणि पृष्ठभाग करपत नाही. जव्हारच्या रस्त्यावर या पाव सेकंदाने तुम्ही कुणाच्याही मागे पडत नाही.

शहरातल्या सवयी थोडक्यात सांगतो. लिव्हरवर हात ठेवून चालवू नका, त्या हाताचा दाब फोर्कमार्फत फिरत्या स्लीव्हवर जातो आणि फोर्कच्या कडा झिजतात. द्वारका किंवा मुंबई नाक्याला सिग्नल लाल असेल तर न्यूट्रल करून पाय काढा. क्लच दाबून पहिल्यात उभं राहिलं की क्लच दाबणारं रिलीज बेअरिंग आणि इंजिनाच्या क्रँकला जागेवर धरणारे थ्रस्ट वॉशर विनाकारण राबतात. सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर गेट उघडेपर्यंत हाफ क्लचवर गाडी धरणं सर्वांत वाईट. प्लेट आणि प्रेशर प्लेट तापून वाकतात, वाकलेली प्लेट पूर्ण सुटत नाही, आणि आपण पुन्हा त्या रिव्हर्सच्या चाचणीपाशी येतो. म्हणजे क्लच रॅम्पवर जळतो आणि शिक्षा दुसऱ्या गिअरच्या रिंगला होते.

छोट्या टर्बो गाडीची आणखी एक खोड आहे. टॉर्क लवकर येतो म्हणून लोक वरच्या गिअरमध्ये आळसावतात. पाचवा, १,२०० आरपीएम, समोर उड्डाणपुलाचा चढ, आणि एक्सलेटर तळाला. तीन सिलिंडरच्या इंजिनात त्या वेळी सेकंदाला फक्त ३० स्फोट होतात. प्रत्येक धक्का क्लच प्लेटच्या स्प्रिंगांतून गिअरच्या दातांवर आणि बेअरिंगवर जातो, शिवाय टर्बो पेट्रोलमध्ये कमी आरपीएमवर जास्त भार दिला की सिलिंडरमधलं पेट्रोल वेळेआधी पेट घेण्याचा धोकाही असतो. गाडी घरघरायला लागली की गिअर कमी करा. ४,००० आरपीएमला मोकळी पळणारी गाडी बघून घाबरणारे मालक या घरघरीकडे मात्र लक्ष देत नाहीत, आणि खरं नुकसान तिथेच होत असतं.

लांबचा प्रवास गिअरबॉक्सला अजिबात जड नाही. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि नागपूरपासूनचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. तिथे पाचव्यात शंभरने शंभर किलोमीटर गेलात तर सिंक्रो रिंगला जवळजवळ काहीच काम नसतं. मीटरवर ५८ हजार दिसतात, पण त्यातले किती घाटातले, किती द्वारका चौकातले आणि किती हायवेचे, यावर बॉक्सचं खरं वय ठरतं. जुनी गाडी घेताना हे विचारायला हवं.

आता ऑइल. मित्राने सुचवलेलं जाड ऑइल टाकू नका. सकाळी खरखर जास्त येते याचं एक कारणच मुळी घट्ट ऑइल आहे. रिंगच्या आट्यांना कोनावरचा ऑइलचा थर पिळून बाजूला करावा लागतो, आणि नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत, निफाडला पारा ५ अंशांच्या खाली उतरतो त्या दिवसांत, थंड ऑइल सरकायलाच तयार नसतं. जाड ऑइलने आवाज दबतो, रिंगचं काम वाढतं. गाडीच्या पुस्तकात ७५डब्ल्यू-८० लिहिलं असेल तर तेच, ७५डब्ल्यू-९० लिहिलं असेल तर ते. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतला असतो, त्याच्याशी तडजोड करू नका. दुसरी गोष्ट ग्रेडची. पुस्तकात जीएल-४ असेल तर जीएल-५ ‘वरचं आहे’ म्हणून टाकू नका. जीएल-५ हे मुख्यतः मागच्या ॲक्सलच्या हायपॉइड गिअरसाठी असतं. त्यातली जादा दाबाची द्रव्यं सिंक्रोला हवं ते घर्षण कमी करू शकतात, आणि काही फॉर्म्युले पितळेला खातात.

ऑइल एकदा बदलाच, कारण आधीच्या मालकाने ते कधी बदललं असेल याची खात्री नाही. छोट्या गाडीत साधारण दोन लिटर लागतं. गाडी सपाट लिफ्टवर असताना फिलर प्लगच्या भोकाच्या काठापर्यंत भरायचं. काढलेलं ऑइल फेकू देऊ नका. स्वच्छ पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून उन्हात बघा. सोनेरी बारीक चमक म्हणजे रिंगचं पितळ. थोडी असेल तर वयाप्रमाणे आहे, ऑइल सोनेरी रंगवल्यासारखं दिसलं तर रिंग संपत आली आहे. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ड्रेन प्लगवरच्या चुंबकावर विसंबू नका. त्यावर राखाडी लेप असतो तो पोलादाचा आणि तेवढा चालतो. बोटाला टोचणारे कण सापडले तर मात्र दात किंवा बेअरिंग तुटतंय. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी गेलं आहे. पावसाळ्यात गोदाघाटावर लावलेली गाडी पाण्यात सापडली किंवा जव्हारकडच्या फरशीवरून पाणी असताना काढली, तर ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवेच्या भोकातून) ते आत जातं. ड्राइव्हशाफ्टच्या सीलजवळ ओलसर धूळ चिकटली असेल तर ऑइल कमी होतंय, तेही बघून घ्या.

रीमॅपबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. आपल्याकडच्या छोट्या जोरकस गाड्यांचे आकडे बघा. बलेनो आरएसचा टॉर्क १५० न्यूटन-मीटर होता, अल्ट्रोझ रेसरचा १७०, आणि अबार्थ पुंटोचा २१२. कंपनी क्लच आणि गिअरबॉक्स त्या आकड्याला थोडा वाव ठेवून निवडते. रीमॅपमध्ये टॉर्क वीस-तीस टक्के वाढवला की तो वाव तुम्ही खर्च करता. आधी क्लच घसरायला लागतो. मग लोक जास्त पकडीचा क्लच बसवतात, आणि खरी अडचण तिथे सुरू होते. मूळ क्लच ठरावीक झटक्याच्या वर घसरून धक्का स्वतः खात होता. नवा क्लच घसरत नाही, म्हणून सिग्नलवर ४,००० ला रेस करून क्लच सोडला की फ्लायव्हीलमध्ये साठलेला सगळा जोर पहिल्या गिअरच्या दातांवर आणि डिफरन्शियलवर (वळणात दोन्ही चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांवर) जातो. इंजिनाचा टॉर्क १५० असला तरी पहिल्या गिअरमधून आणि फायनल ड्राइव्हमधून (गिअरबॉक्सनंतरच्या शेवटच्या गिअरजोडीतून) तो चाकांपाशी दोन हजारांच्या पुढे जातो, आणि झटक्यात याहून कितीतरी जास्त.

डिफरन्शियलकडे कुणाचं लक्षच जात नाही. सप्तश्रृंगी गडाच्या घाटात आखूड वळणातून बाहेर पडताना आतलं चाक खडीवर फिरू दिलं की साध्या डिफरन्शियलमधले छोटे गिअर त्यांच्या पिनवर प्रचंड वेगाने फिरतात. ती पिन नेहमीच्या वळणासाठी बनवलेली असते. चाक फिरतंय असं जाणवलं की पाय कमी करा आणि ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर तो घाटात बंद करू नका.

या आठवड्यात मॅट काढा, क्लच ब्लीड करा, बरोबर ग्रेडचं ऑइल टाका आणि सकाळी पहिले चार-पाच किलोमीटर दुसऱ्यात येताना दोनदा क्लच मारा. बऱ्याच गाड्या एवढ्याने शांत होतात आणि पुढे वर्षानुवर्षं चालतात. गाडी पूर्ण तापल्यावरही खरखर राहिली तर मात्र उघडायला उशीर करू नका, कारण रिंगनंतर पाळी दुसऱ्या गिअरच्या दातांची असते आणि खर्च दुप्पट-तिप्पट होतो.

बॉक्स उघडला की समोर उभं राहून बघा. रिंग गिअरच्या कोनावर हाताने दाबायची आणि रिंगची कड व गिअरचे दात यांच्यामधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तीन ठिकाणी मोजायची. बऱ्याच छोट्या गाड्यांत नव्या रिंगला ती १ मिलिमीटरच्या आसपास असते आणि अर्ध्या मिलिमीटरवर आली की रिंग बदलायची. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो, मेकॅनिककडून तो मागून घ्या. मग स्लीव्ह उजेडात धरा. दातांची टोकं दोन्ही बाजूंनी धारदार उतरती असायला हवीत, बोटाला गोल लागली तर तीही गेली आहे. बॉक्स खाली आलेलाच आहे तर ड्राइव्हशाफ्टची सीलं आणि रिलीज बेअरिंग नवीन टाकून घ्या, मजुरी तीच असते. क्लच प्लेट अर्ध्याहून जास्त झिजली असेल तर तीही. गोल झालेली स्लीव्ह तशीच ठेवून नुसती रिंग बदलली तर ती स्लीव्ह नव्या रिंगचे दात काही हजार किलोमीटरांत खाते. म्हणून बिलात दुसऱ्या गिअरची रिंग आणि हब-स्लीव्ह (स्लीव्ह आणि ती ज्यावर सरकते तो हब) यांचा वेगवेगळा उल्लेख आहे का ते वाचा, आणि काढलेले जुने भाग हातात घेऊन मगच पैसे द्या.